कापडी हूडच्या गाडीला चोरांपासून कसं सांभाळायचं?

निळीगाडी

गेल्या आठवड्यात माझ्या गाडीचं हूड कापलं. पहिले दोन दिवस नुसता संताप होता, म्हणून आज लिहितेय.

गाडी दोन दारांची, कापडी हूडची जीप. बाजूला आणि मागे पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या, त्यांना चेन. रात्री रस्त्याच्या कडेला उभी होती, दोन्ही दारं लॉक. मागच्या सीटवर व्यायामाची बॅग राहून गेली. आत ओला टॉवेल, एक जुना टी-शर्ट आणि पाण्याची बाटली.

सकाळी बघते तर उजव्या खिडकीत वरून खाली सरळ चीर. चेनची दोन टोकं जुळतात तिथे मी प्रवासी बॅगेला असतं तसलं छोटं कुलूप लावलेलं होतं. ते कुलूप जसंच्या तसं, बंद. चीर त्याच्यापासून चार बोटांवर. प्लास्टिक संपून कापड सुरू होतं तिथेही पातं न अडखळता वीतभर पुढे गेलंय. कापडाच्या कडेचे धागे बघितले तर एकही उसवलेला नाही, सगळे एका रेषेत तुटलेले. रात्री पाऊस झाला होता. सीटवर हात दाबला की बोटांच्या मधून पाणी वर यायचं.

बॅग गेली त्याचं काही नाही. हूड मात्र नवीन घ्यावं लागेल असं दिसतंय, आणि त्याचा खर्च ऐकून पोटात गोळा आला.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दारं लॉक करावीत की नाही? अलार्म बसवून उपयोग होतो का? आणि ज्याला आत शिरायला एक ब्लेड पुरतं, त्याला अख्खी गाडी न्यायला कितीसा वेळ लागणार? खरं सांगायचं तर या तिसऱ्या प्रश्नाने माझी झोप उडाली आहे.

रानवाट

वाचून वाईट वाटलं. माझं हूड दोनदा कापलं गेलंय, त्यामुळे तुमची सकाळ कशी गेली असेल ते कळतं.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. हूड म्हणजे भिंत नव्हे. ऊन, वारा आणि पाऊस अडवायला लावलेलं ते कापड आहे. त्याला कितीही कुलपं लावलीत तरी कुलपाच्या शेजारी कापडच असतं. तुमच्या चेनच्या कुलपाने नेमकं तेच झालं. कुलूप नसतं तर त्याने चेन ओढली असती, हात घातला असता आणि गेला असता. कुलूप बघून त्याने ब्लेड काढलं. शिवाय कुलूप लावलं म्हणजे आत काहीतरी ठेवलंय, हेही त्याला आपणच सांगितलं.

म्हणून माझी पद्धत दोन भागांत आहे. आत शिरणं सोपं ठेवायचं आणि आत घ्यायला काहीही ठेवायचं नाही. जे ठेवावंच लागतं ते लोखंडात, कापडात नाही. आणि गाडी जागची हलू नये याची सोय वेगळी, स्वतंत्र.

दारं मी लॉक करत नाही. बारा वर्षं झाली. ज्याला बघायचंय त्याने दार उघडावं, बघावं आणि रिकाम्या हाताने जावं. ग्लोव्ह बॉक्सचं झाकणसुद्धा उघडं ठेवतो. बाहेरून काचेतून रिकामा खण दिसला पाहिजे. बंद खण दिसला की माणसाला वाटतं आत काहीतरी असेल, मग तो स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटतो आणि डॅशबोर्डही जातो.

"काहीही नाही" म्हणजे खरोखर काहीही नाही. चार्जरची वायरही नको. वायर दिसली की फोन किंवा जीपीएस आसपास असणार असं गृहीत धरलं जातं. काचेवर फोनच्या होल्डरचा गोल डाग राहतो, तोसुद्धा पुसायचा. चादर टाकून काही झाकायचं नाही, कारण चादरीखाली काय आहे हे बघायलाच लोक कापतात. सुटी नाणी, गॉगल, रिकामी पिशवी, काहीच नको.

मध्यरात्र

रानवाट, बाकी सगळं मान्य, पण लॉक न करण्याबद्दल एक इशारा द्यावासा वाटतो.

विम्याच्या कागदावर काय लिहिलंय ते आधी वाचा. कित्येक पॉलिसींमध्ये गाडी सांभाळण्यासाठी मालकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे असं कलम असतं. दारं उघडी होती असं कळलं तर दावा अडकू शकतो. छोट्या चोरीत फरक पडणार नाही, पण गाडीच गेली तर एवढ्या एका कारणावरून सगळं हातचं जाईल. आणि आतल्या सामानाचा विमा गाडीच्या पॉलिसीत बहुतेक वेळा नसतोच, तो वेगळा असतो.

शिवाय दार उघडून बघण्याचे कष्ट सगळेच घेतात असं नाही. काही जण हँडलला हातही लावत नाहीत, थेट कापतात.

रानवाट

बरोबर आहे. माझं दुसरं हूड कापलं तेव्हा दार उघडंच होतं. म्हणजे ही खात्रीची युक्ती नाही, शक्यता कमी करण्याची आहे. विम्याचं कलम वाचूनच ठरवावं, याला अनुमोदन. मी कंपनीकडून लेखी विचारून घेतलं होतं, तोंडी नाही.

निळीगाडी

पॉलिसी काढून वाचली. लॉकबद्दल स्पष्ट काही नाही, पण किल्ली गाडीत ठेवून गेलात तर दावा नाकारू असं लिहिलंय. कंपनीला मेल टाकला आहे.

गॅरेजच्या दाराचा रिमोट सन-व्हायझरला लावलेला असायचा. तो आणि गाडीची कागदपत्रं दोन्ही गाडीतच असायची. चोराच्या हातात घराचा पत्ता आणि घराचं दार दोन्ही गेलं असतं हे आता लक्षात येतंय. रिमोट काढून आणला.

लोहारकाम

लोखंडाचा विषय निघाला म्हणून सविस्तर लिहितो. माझा धंदाच फॅब्रिकेशनचा आहे आणि अशा गाड्यांसाठी पेट्या बनवून दिल्या आहेत.

तीन जागा कामाच्या. ड्रायव्हरच्या सीटखाली, दोन सीटच्या मधल्या कन्सोलमध्ये आणि मागे टेलगेटच्या आत. सीटखाली पाकीट, कागद, फोन मावतो. कन्सोलमध्ये रोजच्या वस्तू. मागच्या जागेत मात्र आडवी लोखंडी फळी आणि टेलगेट मिळून एक बंद डिकी तयार होते. टेलगेट लॉक असेपर्यंत फळी उचलता येत नाही अशी रचना असते. हूड पूर्ण उघडं ठेवून फिरता तेव्हाही ती डिकी बंदच राहते, हा तिचा खरा फायदा.

पेटी घेताना लोक कुलूप बघतात. मी आधी बोल्ट बघायला सांगतो. पेटी ज्या बोल्टांनी फरशीला बसली आहे त्यांची डोकी पेटीच्या आत हवीत, म्हणजे झाकण उघडल्याशिवाय पाना लागू नये. खालून नट उघडा असेल तर तो वेल्डिंगचा टाका मारून बसवा किंवा डोकं तुटून जाणारा शिअर नट वापरा. शक्यतो सीटचे किंवा सीटबेल्टचे मूळचे पॉइंट वापरावेत, ते चेसिसला किंवा जाड पत्र्याला गेलेले असतात. पण सीटबेल्टचा बोल्ट काढलात तर त्याच मापाचा आणि त्याच ग्रेडचा परत घाला आणि ठरलेल्या टॉर्कनेच आवळा. तिथे हयगय म्हणजे जिवाशी खेळ. नुसत्या पातळ फरशीला चार भोकं पाडून पेटी बसवली तर पहारीच्या दोन हिसक्यांत पत्र्यासकट वर येते. मी तशी उचकटलेली पेटी पाहिली आहे, तिला फरशीचा तुकडा चिकटलेला होता.

दुसरं, झाकण आणि पेटी यांच्यातली फट. त्या फटीत पहारीचं टोक जाता कामा नये. कड आत दुमडलेली हवी, म्हणजे झाकण पेटीच्या तोंडावर नुसतं टेकत नाही, आत बसतं. कुलूप एका ठिकाणी असेल तर दुसऱ्या टोकाला झाकण वाकवता येतं, म्हणून मोठ्या झाकणाला दोन बाजूंना पकड पाहिजे.

मोठं सामान नेहमी न्यावं लागत असेल तर रोलबारला बोल्ट केलेला जाळीचा पिंजरा मिळतो. दिसायला छान नाही, पण कापड कापल्यावर समोर लोखंडी जाळी आली की बहुतेक जण तिथेच थांबतात. बाजूने दिसावा असाच बसवा, म्हणजे कापायच्या आधीच कळेल.

डोंगरकडा

पेटीच्या बोल्टांबद्दल वाचून माझी पेटी तपासली. खालचे चारही नट उघडे. धन्यवाद लोहारकाम, तुम्ही लिहिलं नसतं तर ही पेटी भक्कम आहे असं समजूनच बसलो असतो.

वायरजोड

अलार्मबद्दल. कापडी हूडच्या गाडीत चुकीचा सेन्सर बसवलात तर आठवड्याभरात तुम्हीच तो बंद कराल, आणि बंद अलार्म म्हणजे नसलेला अलार्म.

शॉक सेन्सर धक्का ओळखतो. कोणी दार उचकटलं, चाकाला लाथ मारली, गाडीला आपटलं तर वाजतो. पण धारदार पातं कापडातून जाताना धक्का बसतच नाही. काच फुटण्याचा आवाज ओळखणारा सेन्सर तर इथे निरर्थक, काचच नाही.

अल्ट्रासॉनिक सेन्सर आतल्या हवेची हालचाल बघतो. पत्र्याच्या बंद गाडीत उत्तम. आपल्याकडे वारा आला की हूड फडफडतं, आतली हवा हलते आणि मध्यरात्री सायरन. हूड उघडं असेल तर तो वापरताच येत नाही.

त्यामुळे उरतो मायक्रोवेव्ह सेन्सर, काही जण त्याला रडार किंवा प्रॉक्सिमिटी सेन्सर म्हणतात. याला वाऱ्याचा त्रास नाही, आत शरीर आलं की कळतं. पण याच्या लहरी कापडातून आणि प्लास्टिकमधून आरपार जातात, म्हणून गाडीशेजारून चालणारा माणूसही त्याला आतलाच वाटू शकतो. उपाय म्हणजे दोन क्षेत्रांचा सेन्सर घ्यायचा. बाहेरच्या क्षेत्रात कोणी रेंगाळलं तर एक छोटी "टिक", आत हात आला तरच पूर्ण सायरन. सेन्सर कन्सोलमध्ये, गाडीच्या बरोबर मध्ये, खाली बसवा. मग संवेदनशीलता अगदी कमीपासून सुरू करून थोडी थोडी वाढवत न्या. प्रत्येक वेळी एकाला बाहेरून चालायला सांगा, दुसऱ्याने खिडकीतून हात घालायचा. या कामाला तासभर लागतो. तो तास द्याच, कारण खोट्या अलार्मला शेजारी लवकर कंटाळतात आणि खऱ्या वेळी कोणी खिडकीतून डोकावत नाही.

सोबत टिल्ट सेन्सर घ्या. गाडी जॅकवर चढवली किंवा टोचन लावून उचलली तर तो वाजतो. चाकं चोरणाऱ्यांसाठी हा एकच कामाचा.

आणि सायरन असा घ्या की ज्याच्या पोटात स्वतःची बॅटरी आहे. याचं कारण बॉनेटमध्ये आहे. जीप घराण्यातल्या कितीतरी गाड्यांचं बॉनेट बाहेरच्या दोन कड्या काढल्या की उघडतं. आतून लिव्हर ओढायची गरजच नाही. बॉनेट उघडलं की बॅटरीची वायर काढायला दहा सेकंद. मग अलार्म कितीही चांगला असला तरी मुका.

कागदोपत्री

वायरजोड यांच्या शेवटच्या मुद्द्याला धरून एक खरी घटना. अमेरिकेतल्या सॅन डिएगो परिसरातून २०१४ पासून सुमारे १५० जीप रँग्लर चोरीला गेल्या आणि सीमेपलीकडे मेक्सिकोत नेल्या गेल्या. २०१७ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारी वकिलांनी एका मोटरसायकल टोळीच्या नऊ जणांवरचं आरोपपत्र जाहीर केलं, त्यात पद्धत लिहिलेली आहे.

आधी एक जण हेरलेल्या गाडीचा व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळवायचा. तो ड्रायव्हरच्या बाजूला समोरच्या काचेतून डॅशबोर्डवर दिसतो. त्या क्रमांकावरून किल्लीचे कोड काढले जायचे आणि बनावट किल्ली कापून तयार व्हायची. मग रात्री बॉनेट उघडून अलार्म निकामी, बनावट किल्लीने आत, आणि हातातलं छोटं यंत्र डॅशबोर्डखालच्या पोर्टला जोडून किल्लीतल्या चिपची गाडीशी ओळख करून द्यायची. गाडी सुरू, रवाना.

यात हूड कापावंही लागलं नाही. पण आपल्यासाठी धडा सरळ आहे. व्हीआयएन पट्टीवर आतून एक कागद किंवा पट्टी ठेवा (पोलिसांनी मागितला तर काढता यावा असा). बॉनेटच्या कड्यांना कुलूपवाल्या कड्या लावा, तासाभराचं काम आहे. आणि डॅशबोर्डखालचा तो पोर्ट, म्हणजे ओबीडी पोर्ट, बंदिस्त करा. त्यासाठी लोखंडी टोपण मिळतं. काही जण पोर्ट मूळ जागेवरून हलवून दुसरीकडे बसवतात, पण मग सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला सांगायला विसरू नका.

बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर किल्ली घराच्या दाराजवळ टांगू नका. एक जण घराशी आणि एक गाडीशी यंत्र घेऊन उभा राहिला तर किल्लीचा सिग्नल पुढे पोचवता येतो. सिग्नल अडवणारी पिशवी मिळते, तिच्यात दुसरी किल्लीही ठेवा. पिशवी चालते की नाही हे तपासायला ती हातात धरून गाडीपाशी जा, दार उघडलं तर पिशवी कुचकामी.

निळीगाडी

हे वाचून अंगावर काटा आला. माझी गाडी मात्र जुनी आहे, चिपवाली किल्ली नाही, कार्ब्युरेटरचं इंजिन. म्हणजे मला यातलं काही लागू नाही की माझी अवस्था आणखी वाईट?

जुनीविलीज

निळीगाडी, चिप नसेल तर स्टिअरिंगखालच्या वायरी जोडून गाडी सुरू करता येते. म्हणून मेहनत तुम्हाला करावी लागेल, पण तुमच्याकडचे उपाय साधे, स्वस्त आणि चोराच्या यंत्राला न जुमानणारे आहेत. चिपचा फायदा किती होतो हे नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दिसलं होतं, १९९५ ते २००८ या काळात इमोबिलायझरमुळे (ओळखीची चिप नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी सोय) तिथल्या गाडीचोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. ब्रिटनने नव्या मोटारींना तो १९९८ च्या ऑक्टोबरपासून सक्तीचा केला. तोपर्यंत जगाने काय केलं तेच आपण करायचं.

सगळ्यात जुना उपाय रोटर काढण्याचा. डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग) टोपीच्या दोन क्लिपा सोडवा, टोपी उचला, आत शाफ्टवर बसलेला बोटाएवढा रोटर वर ओढला की हातात येतो. टोपी परत लावा. आता कितीही सेल्फ मारला तरी एकाही प्लगपर्यंत ठिणगी जाणार नाही, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. १९४० मध्ये शत्रू उतरण्याच्या भीतीने ब्रिटनमध्ये उभी गाडी अशी निकामी करून जाणं बंधनकारक होतं आणि रोटर काढून खिशात टाकणं हा त्याचा नेहमीचा मार्ग होता. मी गाडी चार-पाच दिवस उभी ठेवणार असेन तर आजही हेच करतो. रोटर रुमालात गुंडाळून नेतो, त्याला तडा गेला तर आपलीच पंचाईत.

रोजच्यासाठी लपवलेला स्विच. तो कुठली वायर तोडतो यावर सगळं आहे. नुसत्या सेल्फच्या वायरला लावलात तर ढकलून गाडी सुरू करता येते, उतारावर तर एकट्यालाही. कॉइलच्या वायरला लावलात तर ठिणगीच नाही, हे उत्तम. इलेक्ट्रिक फ्यूल पंप असेल तर त्यालाही लावतात, पण कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी पुढे जाते आणि मग भर रस्त्यात बंद पडते. जुन्या डिझेलला ठिणगीचा प्रश्नच नाही, तिथे पंपावरच्या सोलेनॉइडचा (डिझेल सोडणारी विजेची झडप) करंट तोडावा लागतो. आणि ओढून बंद करायची केबल असलेलं डिझेल असेल तर विजेचा स्विच कामाचा नाही.

स्विच डॅशबोर्डखाली लटकत ठेवू नका, हात पहिला तिथेच जातो. आणि चालत्या गाडीत चुकून गुडघा लागून बंद होईल अशा जागीही नको. वायर मूळच्या रंगाची आणि मूळच्या जाडीची वापरा. नवी लाल वायर जुन्या काळ्या वायरींत लगेच उठून दिसते.

लष्करी गाड्यांकडून एक शिकण्यासारखं आहे. युद्धकाळातल्या विलीज जीपला सुरुवातीला किल्ली होती, नंतर ती काढून नुसता फिरवायचा स्विच दिला, कारण लढाईत किल्ली हरवणं परवडत नाही. अमेरिकी लष्कराच्या हमवी गाडीलाही किल्ली नसते. तिथे स्टिअरिंगला जाड केबल किंवा साखळी आणि तिला कुलूप. साखळीचं दुसरं टोक गाडीच्या फरशीला पक्कं केलेलं असतं. आपल्यालाही हे करता येतं. बाजारातला स्टिअरिंगचा दांडा लावाच, तो बाहेरून दिसतो हाच त्याचा गुण. पण स्टिअरिंगची गोल कडी आतून पातळ असते, ती करवतीने कापली की दांडा गळून पडतो. म्हणून अख्खं स्टिअरिंग झाकणारी तबकडी किंवा फरशीतली साखळी जास्त भरवशाची.

आणि फोर बाय फोर असेल तर सगळ्यात आवडता उपाय: ट्रान्सफर केसचा (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) छोटा लिव्हर न्यूट्रलमध्ये टाका आणि त्या जागी लोखंडी पट्टीने कुलूपबंद करा. इंजिन सुरू होईल, गिअर पडेल, गाडी तसूभर हलणार नाही. पण नीट वाचा: ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये असताना गाडी गिअरमध्ये ठेवण्याला काही अर्थ उरत नाही, ऑटोमॅटिकचं "पी" (पार्क) सुद्धा धरत नाही. हँडब्रेक पक्का हवा, चाकाला उटी हवी आणि उतारावर हे करायचंच नाही.

डोंगरकडा

ट्रॅकरबद्दल कोणी लिहिलं नाही. मी दोन ठेवतो. एक सिमकार्डवाला जीपीएस, गाडीच्या बॅटरीला जोडलेला पण स्वतःची बॅटरीही असलेला. दुसरा हरवलेल्या वस्तू शोधायचा ब्लूटूथ टॅग. टॅगवर एकट्यावर विसंबू नका. अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय अशी सूचना आता फोनच देतात, म्हणजे चोरालाही ती जाते.

जीपीएसची जागा निवडताना त्याच्या डोक्यावर लोखंड नको, प्लास्टिक किंवा कापड चालतं. या बाबतीत कापडी हूडची गाडी फायद्यात आहे. आणि ठिकाण दिसलं म्हणून स्वतः धावत जाऊ नका. पोलिसांना लाइव्ह लोकेशन द्या.

शिवणटाका

हूड नवीन घ्यायच्या आधी एकदा माझं ऐका. मी ताडपत्री, तंबू आणि गाड्यांची हूडं शिवते.

चीर सरळ आहे आणि कडा स्वच्छ आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे दुरुस्तीला चांगली आहे. आधी फोटो काढा, पोलिसांत नोंद आणि विम्याला कळवणं होऊ दे. तोपर्यंत घरातली रुपेरी चिकटपट्टी मारू नका. तिचा गोंद उन्हात वितळून कापडात मुरतो आणि मग त्यावर काहीच धरत नाही. पाणी अडवायला पारदर्शक विनाइल पट्टी आतून आणि बाहेरून समोरासमोर लावा. आधी जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून कोरडी करा.

कापडाच्या भागाला आतून ठिगळ. चिरेच्या चारही बाजूंना तीन बोटं जास्त असा त्याच जातीच्या कापडाचा तुकडा घ्या, कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा आधी सुटतो. विनाइलच्या गोंदाने चिकटवा, चिरेच्या कडा एकमेकींना भिडवून, एकमेकींवर चढवून नाही. मग वाकड्या सुईने टाके. दोरा उन्हाला टिकणारा पॉलिएस्टरचाच. सुती दोरा पाणी पितो आणि कुजतो. शेवटी टाक्यांच्या भोकांवर सीलर, नाहीतर प्रत्येक भोकातून थेंब येतो. प्लास्टिकचा भाग मात्र पूर्ण बदलावा लागेल, तो शिवला की टाक्याच्या रेषेवरच पुन्हा फाटतो. पण खिडकीचं पान वेगळं निघतं, अख्खं हूड बदलायची गरज नाही.

सीटचा फोम काढून उभा करून वाळवा, आडवा नाही. आत ओल राहिली तर वास येतोच आणि खालचा पत्राही गंजतो.

मध्यरात्र

पार्किंगचं राहिलं. मागची बाजू भिंतीला टेकवून लावा, टेलगेट उघडायला जागाच राहणार नाही. मागची खिडकीही वाचते. उजेडात लावा. आणि पुढची चाकं पूर्ण वळवून ठेवा, टोचन लावून सरळ ओढता येत नाही.

काढता येणाऱ्या दारांच्या गाड्यांना बिजागरीचे बोल्ट नेहमीच्या टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या) पान्याने निघतात. तिथे आणि स्टेपनीला कुलूपवाला नट हवाच.

निळीगाडी

दहा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांची ऋणी आहे.

विमा कंपनीचं लेखी उत्तर आलं: दारं लॉक हवीत. त्यामुळे लॉक करते. चेनचं कुलूप मात्र काढलं आणि ग्लोव्ह बॉक्स उघडा ठेवते, दिव्याखाली बाहेरून रिकामा दिसतो हे मी स्वतः रात्री जाऊन बघितलं. शिवणटाका ताईंनी सांगितलं तसं ठिगळ आतून लावून घेतलं आणि खिडकीचं पान बदललं. परवा तीन तास पाऊस होता, टाक्यांवर बोट फिरवलं, कोरडं.

सीटखालची पेटी बसवली, बोल्ट आतून. बॉनेटला कुलूपवाल्या कड्या लावल्या. कॉइलच्या वायरचा स्विच मेकॅनिककडून करून घेतला आणि कुठे आहे ते घरात फक्त एकालाच सांगितलंय. काल त्याला किल्ली देऊन सुरू करायला लावलं, स्विचबद्दल काही न बोलता. तो सात-आठ वेळा सेल्फ मारत बसला, मग त्याला आठवलं.

अलार्म पुढच्या महिन्यात. वायरजोड, दोन क्षेत्रांचा सेन्सर कार्ब्युरेटरच्या जुन्या वायरिंगवर चालेल का? उभ्या गाडीत तो बॅटरी किती खातो? माझी आठवडाभर उभी राहिली तर सुरू होईल ना?

वायरजोड

चालेल, त्याला फक्त बारा व्होल्ट आणि चांगलं अर्थिंग लागतं. आठवड्याला चांगल्या बॅटरीची अडचण नाही. बसवल्यावर गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीत मल्टिमीटर घालून करंट मोजा. पन्नास मिलीअँपिअरच्या आत असेल तर निश्चिंत राहा. जास्त आला तर एकेक फ्यूज काढत बघा, कुठला फ्यूज काढल्यावर आकडा पडतो ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.